चुन्यानं भाजलेली जीभ

बाबा, आज प्रयोगशाळेत नमुन्यासोबत एका अनोळखी माणसाच्या तोंडाचा फोटो आला. जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे, कडा लालभडक. हुबेहूब तुमची जीभ. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यानंतरचे ते दिवस; सिहोऱ्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही भाताचा घास तोंडात घोळवताय, तिखट सोसत नाही म्हणून नुसतं वरण मागताय आणि आईला हसून सांगताय, "पानाले चुना जास्त झाला असन, दुसरं काय." पान रोज आईच लावून द्यायची. त्या दिवसापासून तिनं चुन्याच्या डबीला हात लावला नाही. पुढे पायाची जखम चिघळली, साखरेचा आजार आहे हे कळलं ते तेव्हा, आणि तुम्ही गेलात. आई मात्र अजून आल्यागेल्याला सांगते, "माह्याच हातानं भाजलं त्याइचं तोंड."

चुना नव्हताच तो, बाबा. यीस्ट होतं, पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या भाऊबंदांपैकी. थोडंफार ते बहुतेकांच्या तोंडात असतंच. त्याच्या कवचात रेणूंच्या अशा काही साखळ्या असतात, ज्या आपल्या शरीरात कुठेच नाहीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या जन्मतःच ओळखतात, कुणी शिकवावं लागत नाही. आज सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी माणसाची पेशी यीस्टला भिडली, त्याला वेढून गिळून बसली. मग मी दुसरी काच ठेवली, साखर खूप वाढलेल्या माणसाच्या पेशींची. त्याही यीस्टला चिकटल्या होत्या, पण गिळायला सुस्त, आणि यीस्ट बाहेर खुशाल वाढत होतं. तुमची साखर पायापर्यंत जायच्या कितीतरी आधी जिभेवर दिसत होती, आणि आपण तिघं ती रोज जेवताना बघत होतो. तुमचा रागही आला. दवाखान्याचं नाव काढलं की तुमचं 'उद्या पाहू' ठरलेलं.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, चुन्यानं भाजलं नव्हतं, तुझा काही दोष नाही. मग तिनं विचारलं, "मंग काय होतं वं थे? त्याले औषध होतं का?"

हे पत्र तिच्या हाती पडू नये म्हणून लिहून झालं की फाडून टाकणार आहे. कारण औषध होतं, बाबा. साधं, तोंडात लावायचं. साखरेचंही होतं. मी तिला नव्हतं म्हणून सांगितलं.