घाटावर न घेतलेलं नाव

सायखेडा

प्रिय साई,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. शेखर गेल्यानंतर तुझे दोन फोन आले, मी एकही उचलला नाही. बोलायला तोंड नाही, म्हणून लिहितोय. आई बरी आहे. शेखरच्या चहाच्या कपाला मात्र कुणाला हात लावू देत नाही.

काल फोनवर तो सिनेमा पाहिला. परदेशातल्या त्या पुढाऱ्याचा, तुम्ही दोघं मला नाशिकला दाखवायला निघाला होतात तोच. शेखरनं दादा दादा करून माझंही तिकीट काढलं होतं, आणि मी कांद्याच्या गाडीचं निमित्त सांगून दोन तास बाहेर पिकअपमध्ये बसून राहिलो. माझा भाऊ कसा आहे हे मला ठाऊक होतं. पडद्यावर बघायची हिंमत नव्हती. तो माणूस तीनदा निवडणूक हरतो, लोक त्याच्या दारावर घाण फेकतात. चौथ्यांदा निवडून येतो तेव्हा आपल्या जोडीदाराला हाताला धरून स्टेजवर आणतो, त्याचं नाव घेतो आणि म्हणतो, हा माझ्या घरचा माणूस. तिथे मी फोन बंद केला. पुढचं बघवेना.

मला आपला घाट आठवला. दहाव्याला कावळा शिवेना. काहीतरी इच्छा राहिली म्हणून मामांनी आईला सांभाळायचा शब्द दिला, काकांनी बाग मोडणार नाही म्हटलं, मी त्याची बुलेट विकणार नाही म्हणालो. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं. तू वर पायऱ्यांवर चपलांपाशी उभा होतास, कारण भटजींनी घरच्यांना पुढे बोलावलं तेव्हा मीच तुला हातानं थांबवलं होतं. पाहुण्यांना तुझी ओळख रूममेट म्हणून करून दिली होती. सात वर्षांचा संसार, आणि म्हणे रूममेट!

साई, काय म्हणायला हवं हे मला तेव्हाच कळलं होतं. साईला आम्ही अंतर देणार नाही, एवढंच. लासलगावला लिलाव पुकारताना माझा आवाज शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत जातो. त्या दिवशी तेवढं एक वाक्य ओठाबाहेर पडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला उठले. कावळ्याला काय कळतं, असं तू म्हणशील. मलाही तसंच वाटतं. पण तेव्हापासून बाभळीखालून जाताना मी मान वर करत नाही.

येत्या अकरा तारखेला त्याच घाटावर त्याचं वर्षश्राद्ध आहे. आईला मी सगळं सांगितलं. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं फडताळातून तो कप काढून घासला आणि तू आलास की त्यातच चहा द्यायचा म्हणाली. काका येणार नाहीत म्हणे. न येवोत. तू ये. घास ठेवताना सगळ्यांसमोर तुझं नाव घ्यायचं ठरवलंय. रोज रिकाम्या पिकअपमध्ये म्हणून बघतो. पण मी भित्रा आहे, हे तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. माझा आवाज फुटला नाही, तर तू चपलांपाशी थांबू नकोस. खाली ये आणि माझ्या शेजारी उभा राहा.

तुझाच, अजून म्हणू देशील तर दादा,
दीपक