स्लोचा स्क्रू आणि लालासाहेबांचा झेंडू

औंध, रविवार

सुभेदार आकाराम पाहुणे यांस, तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा सविनय नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींची म्हैस व्याली का? इकडे सर्व क्षेम आहे, आणि जे नाही ते खाली लिहिले आहे.

प्रथम एक गंभीर तक्रार. तुम्ही फोनवर पुटपुटता. आमच्या लग्नात अंतरपाटाच्या वेळी तुम्ही "मुलीला आणा" म्हणालात, तेव्हा शेजारच्या मांडवातली नवरीही उठून उभी राहिली होती. त्या माणसाने निवृत्तीनंतर असे तोंडातल्या तोंडात बोलावे हे पलटणीला शोभत नाही. (अर्थात तुम्ही एकटेच नाही. हल्ली वर्गातली पोरे श्लोकाचे शेवट गिळतात आणि तुमची बहीण राजेश्वरी निम्मे वाक्य चुलीला सांगते. उच्चाराचा ऱ्हास सार्वत्रिक आहे.) म्हणून फोन न करता लिहितो आहे.

विषय तुम्ही आम्हाला दिलेल्या, तण काढायच्या पॉवर विडरचा. आल्याच्या सऱ्यांत ते यंत्र उत्तम चालते, पण हात सोडून स्लोवर, म्हणजे अगदी मंद गतीवर, उभे केले की बंद पडते. तुम्ही मागच्या खेपेला कार्बोरेटरचा विधी सांगितला होता, तो मला सूत्रपाठासारखा मुखोद्गत आहे. इंजिन आधी गरम करावे. हवेचा स्क्रू अलगद पूर्ण बसवून दीड आटा मागे घ्यावा. मग स्लोचा स्क्रू पिळत रेस अशी ठेवावी की इंजिन चालू राहील, पण पाती फिरणार नाहीत. शेवटी टाकीवर चहाचा कप ठेवावा. सांडला नाही तर स्लो बरोबर.

मी तंतोतंत तसेच केले. राजेश्वरी बांधावर चहा घेऊन उभी होती. मी स्क्रू कमी केला, यंत्र बंद पडले. पुन्हा दोरी ओढायला वाकलो, तर ती म्हणाली, "आवं, चालूच हाय की ते. कशाला वडताय?" मी म्हणालो, यंत्राविषयी मत देण्याचा अधिकार ज्याच्या हातात पाना आहे त्याचा. (तिने यावर काही तरी उत्तर दिले, पण ते नेहमीप्रमाणे पुटपुटून.) मग मी स्क्रू थोडा पिळला. आवाज नाही. आणखी पिळला. तरी नाही. असे करता करता इंजिन छान, सुस्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटे बोलू लागले. समाधानाने मी टाकीवर कप ठेवला आणि चार पावले मागे सरून उभा राहिलो, जसे चित्रकार राहतात.

यंत्र निघाले. या जातीच्या विडरला रेस वाढली की पाती आपोआप फिरू लागतात, हे तुम्ही सांगितले होते, पण ते कपासकट निघेल हे नव्हते सांगितले. सरी संपली, बांध आला, यंत्राने तो ओलांडला आणि शेजारच्या लालासाहेबांच्या झेंडूत शिरले. (कप बांधापर्यंत पडला नाही. म्हणजे तुमच्या चाचणीत मी उत्तीर्ण आहे.) मी मागे धावत होतो. लालासाहेब पलीकडच्या कडेला कंबरेवर हात ठेवून उभे. त्यांनी बटण दाबून ते बंद केले, उपटलेली ओळ पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, खंडेनवमीला ह्येलाच हार घालायचा व्हता न्हवं? लय घाई झाली बगा त्येला. सवताच न्यायला आलं."

ओळ मात्र सरळ होती, हे त्यांनीही मान्य केले.

निष्कर्ष स्पष्ट आहे: कार्बोरेटर सदोष आहे. कुंडलहून येताना नवा आणावा. जुन्याची मी पुरेशी परीक्षा घेतली आहे.

तुमचा दाजी,
अमृत

ता. क. (मंगळवार) कार्बोरेटर आणू नये. काल संध्याकाळी लालासाहेबांनी स्क्रू मागे घेतला आणि म्हणाले, "आता झ्याक." मी म्हणालो, बंद पडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी यंत्राकडे पाहिले. सायलेन्सरमधून धूर निघत होता. धूर दिसला की अग्नी आहे असे समजावे, हे मी वीस वर्षे पोरांना शिकवतो, आणि धुरासमोर उभा राहून इंजिन बंद आहे म्हणत होतो. टाकीला हात लावला, तर ती संथ थरथरत होती. यंत्र आधीपासूनच चालू होते. राजेश्वरी बरोबर होती. (हे तिला मी यथावकाश सांगेन.)

ता. क. दुसरा. तुम्ही पुटपुटत नाही, पाहुणे. यंत्र दुरुस्तीच्या निमित्ताने या आणि मला साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन चला. बहिणीला आधी काही बोलू नका, ती उगाच घाबरेल. झेंडूच्या भरपाईचे मी लालासाहेबांशी बोलून घेईन. पण वर्गात पोर उभे राहून श्लोक म्हणते, सगळी माझ्या तोंडाकडे बघतात, आणि ते बरोबर म्हणाले की चूक हे मला आता कळत नाही. मी मान हलवतो. याची मला भीती वाटते.