दोन टाक्यांची फ्लॉपी

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्याहून नऊ वर्षांनी जुने असून जिना चढतात, हे आपलं सहज सांगते. बोलते आहे मी, लिहिते आहे सूनबाई. अक्षर आवडलं तर कौतुक तिचं, मजकूर आवडला तर माझं.

आमच्या ह्यांचा तो उचलता कॉम्प्युटर आठवतो ना? झाकण लावलं की हुबेहूब माझ्या शिवणमशीनची पेटी. (एकदा घाईत हे माझंच मशीन उचलून ऑफिसात गेले. साहेबांनी उसवलेला खिसा पुढे केला म्हणे. मी इकडे कॉम्प्युटरला सुई शोधत बसले.) त्यात ह्यांनी माझी बेतण्याची सगळी विद्या उतरवून घेतली होती, मी सांगायची, हे बडवायचे. पण मी गप्प बसले तरी ह्यांची बोटं चालूच! काय लिहिता विचारलं, तर म्हणायचे पूर्ण झालं की वाचून दाखवीन. पूर्ण व्हायच्या आधीच गेले. मला वाचता येत नाही, पण ते काय होतं हे ऐकल्याशिवाय मी काही हलायची नाही.

मुलाने जुन्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम जपणारे एक गृहस्थ शोधून आणले. हातमोजे घालून आले, जसं काही मशीनचं ऑपरेशनच आहे. म्हणाले, फ्लॉप्यांना बुरशी लागली आहे, तशीच फिरवली की आतला मजकूरच खरवडून निघेल, म्हणून एकेक लावून बघता येणार नाही. फ्लॉप्या चाळीस आणि चिठ्ठी एकीवरही नाही. (चिठ्ठ्या सूनबाईने एका साफसफाईत धुऊन काढल्या. इथे तिचा हात थांबलाय. थांबू दे.) मी म्हटलं, सरका. आतल्या तबकडीला धक्का न लावता प्रत्येकीच्या कोपऱ्यात मी तेव्हाच टाके घातले होते. मशीन जागं करणारीला एक, लिहायच्या प्रोग्रामला दोन, माझ्या मजकुराला तीन. साफसफाईत दोरेही गेले, पण भोकं कुठे जातात? बोटांनी चाचपून पाच मिनिटांत दोन फ्लॉप्या काढून दिल्या. तेवढ्या दोघींची बुरशी त्यांनी हलक्या हाताने पुसली, मशीन जागं झालं, मजकूर त्यांच्या नव्या कॉम्प्युटरवर सुखरूप उतरला. गृहस्थांनी माझी पद्धत वहीत टिपून घेतली.

आता पडद्यावर अक्षरांऐवजी नुसत्या मुंग्या दिसतात, कारण लिहायचा प्रोग्राम सापडत नाही. कंपनी केव्हाच बुडाली, प्रत जगात कुठे दिसली नाही म्हणतात. पण मला काडीची काळजी नाही. बाकी सर्व ठीक.

तुझी ताई

ता. क. – दोन टाक्यांची फ्लॉपी तुझ्याकडे आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेलीस, तेव्हा तुझ्या डोक्यावर केस होते. रागावले नाही. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.

ता. क. दुसरा – हे अक्षर त्या गृहस्थांचं. सूनबाई चहा टाकायला गेली आहे. अरे, बेतण्याची विद्या दोनच पानं आहे. पुढची तीस पानं ही घरात आली त्या वर्षीची माझी गाऱ्हाणी. आता तिच्यावाचून माझं पान हलत नाही. म्हणून वाचून तूच दाखवायचं, दार लावून.

ता. क. तिसरा – मामा, पाकीट मी बंद करते आहे. ती पानं बाबांनी तेव्हाच मला वाचून दाखवली होती. प्रत्येक गाऱ्हाण्याखाली त्यांनी एकच ओळ लिहिली आहे: 'सुनेचं बरोबर आहे.' फ्लॉपी आणाच. आणि दार फार घट्ट लावू नका.