शाळेच्या वाटेवरचे दोन हत्ती

मी, श्रीमती सत्यशीला रामकिसन मिसाळ, वय वर्षे ७१, धंदा शेती, राहणार हिंगणटाकळी, तालुका व जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. असा दाखला असलेलं दुसरं माणूस या गावात मला माहीत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला आलेल्यांना चहा पाजून वाटेला लावलं आहे.

कलम १. राहतं घर सून वर्षाराणी हिला मिळावं. मुलगा रविराज याने तिच्या मर्जीने तिथे राहावं. शाळेच्या कमानीचं उद्घाटन झालं, त्या फ्लेक्सवर त्याचा फोटो आला आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. घर चालवते ती सूनच.

कलम २. ओढ्याकाठचं शेत, बांधालगतची पट्टी वगळून, दोघांच्या नावे सामाईक राहील. रविराजला पुढारी व्हायचं आहे. पुढारी आधी बापाची जमीन खातो, मग गावाची. म्हणून वर्षाराणीच्या सहीशिवाय एक ढेकूळही विकता येणार नाही.

कलम ३. माझी बोरमाळ, पितळी भांडी आणि बँकेतली शिल्लक नात आरोही हिच्या शिक्षणासाठी. आकडा लिहीत नाही, कारण हा कागद रविराज वाचणार आहे.

कलम ४. धाकटे दीर अमरसिंह, सरपंच, यांनी कमानीच्या उद्घाटनाला माझ्या अंगावर घातलेली शाल त्यांना परत द्यावी. थंडीत हत्तींना पांघरता येईल.

हत्तींचं असं आहे. जुन्या शाळेचं छप्पर बसलं आणि नवी इमारत मंजूर झाली. जागा ओढ्याच्या वरच्या अंगाला. तिथे जायला एकच वाट, एका बाजूला ओढा आणि दुसऱ्या बाजूला माझं शेत. लोकांनी वर्गणीही दिली. अमरसिंह यांनी पाया खणण्याआधी त्या वाटेवर कमान उभी केली. वर माझ्या सासऱ्यांचं, कैलासवासी आसाराम पाटलांचं नाव. आबांनी जन्मात शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि पोरांना शाळेतून काढून गुरांमागे धाडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कमानीच्या दोन बाजूंना सिमेंटचे दोन हत्ती. कारागिराने हत्ती कधी पाहिला नसावा, कारण सोंड काढून टाकली तर ती दोन्ही डुकरंच आहेत.

मी तेव्हाच विचारलं होतं, “भावजी, शाळेला हत्ती कावून पायजेत? आदी खोल्या बांदा.”

ते म्हणाले, “वैनी, वजन दिसलं पायजे. बायकांना न्हाई कळत ते.”

वजन दिसलं. लोखंडाची पहिली गाडी आली ती दोन हत्तींच्या मधे अडकली. ड्रायव्हर खाली उतरून मला म्हणाला, “काकू, हे हत्ती सरकतेत का?” सरपंच सरकत नाहीत, तर हत्ती काय सरकणार? माल गाडीतून उतरवून पुन्हा ट्रॅक्टरवर लादणं परवडत नाही म्हणून ठेकेदार निघून गेला. हत्ती पाडा म्हटलं की अमरसिंह डोळ्यांना उपरणं लावून म्हणतात, “आबाच्या नावावर घण घालू व्हय?” तेव्हापासून शाळा मारुतीच्या सभामंडपात भरते. कोणाचं लग्न निघालं, कोणाचं तेरावं आलं की पोरांना सुट्टी. पाचवीतल्या माझ्या नातीला भागाकार येत नाही, पंगतीत वाढता मात्र झकास येतं.

मग सगळं गाव माझ्याकडे आलं. म्हणे, तुमच्या बांधालगतची पट्टी द्या, गाडी हत्तीला वळसा घालून जाईल. म्हणजे मूर्खपणा त्यांचा आणि तूर माझी तुडवायची.

कलम ५. सदर पट्टी माझ्या मृत्यूनंतर शाळेच्या रस्त्याला द्यावी. अट एकच, त्याआधी दोन्ही हत्ती पाडलेले असावेत.

कलम ६. वरील कलम मी रद्द करते. खोडाखोड करू नका, पुढे लिहा, असं वकिलांनी सांगितलं म्हणून ते तसंच ठेवलं आहे.

कारण असं की, कलम पाच रविराजने चोरून वाचलं आणि गावभर केलं. अट कोणाच्या ध्यानात राहिली नाही, मृत्यू तेवढा राहिला. ज्यांनी कधी राम राम घातला नाही ते पारावरून उठून मला विचारू लागले, “काकू, तब्येत कशी हाय?” बरी आहे म्हटलं की तोंडं उतरायची. या लोकांचं मला काही वाटलं नाही. मी त्यांच्यासमोर मुद्दाम ताठ चालत होते.

पण एका संध्याकाळी आरोही माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “आज्जे, वर्गातली पोरं मला रोज इचारतेत, तुजी आज्जी कवा मरणार हाय. मी काय सांगू?”

त्या पोरांचा मला राग आला नाही. त्यांना बसायला खोली हवी आहे. माझ्या छातीत मात्र कळ आली आणि रात्रभर राहिली.

दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन ती पट्टी मी विनाअट बक्षीसपत्राने शाळेच्या रस्त्याला देऊन टाकली. ती आता माझी नाही, म्हणून या मृत्युपत्रात तिची वाटणी नाही. हत्ती राहू द्यावेत. अमरसिंह यांना म्हातारपणी सोबत होईल. माझी तिरडी मात्र कमानीखालून नेऊ नये.

काल लोखंडाची गाडी माझ्या तुरीतून वर गेली. आता गावात माझी तब्येत कोणी विचारत नाही. आरोही तेवढी विचारते, रोज, शाळेतून आल्या आल्या, दप्तर पाठीवर असतानाच.

हा मजकूर मी लिहिला, स्वतः वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सत्यशीला रामकिसन मिसाळ

साक्षीदार:
१. बंकट तुकाराम शेंडगे, मेंढपाळ, हिंगणटाकळी (सही)
२. योगिता हरिओम गिरी, शिक्षिका, मुक्काम चौसाळा (सही)

(अमरसिंह साक्षीदार म्हणून आले होते. त्यांना परत पाठवलं.)

ठिकाण: हिंगणटाकळी
दिनांक: ११ डिसेंबर २०२४