पांढरी चटई हानिसीच्या लग्नाची आहे

घडले ते असे:

१. खोकला जात नव्हता, म्हणून मार्चमध्ये मी माझ्याच छातीचा एक्स-रे काढून घेतला. बटण मदतनिसाने दाबले. छायाचित्र मी वाचले.
२. उजव्या फुप्फुसात गाठ होती.
३. राजधानी सुव्यातल्या डॉक्टरांनी सांगितले की ती पसरली आहे, कापून उपयोग नाही. येत्या नाताळाची खात्री ते देत नाहीत.
४. मी बोटीने घरी परत आले.
५. माझी धाकटी बहीण हानिसी हिचे जुलैत ठरलेले लग्न घरच्यांनी पुढे ढकलले. कधीपर्यंत, ते कोणी बोलत नाही.
६. सारोते आत्याने आपली काठी आढ्याला खोचून ठेवली.

मी, रेजिएली मारसेउ, वय एकोणतीस, क्ष-किरण तंत्रज्ञ, राहणार ओइनाफा, रोटुमा बेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. दुखण्यावरची गोळी लिहून झाल्यावर घेणार आहे, तेव्हा त्याबद्दल मागाहून कोणी शंका काढू नये. मला कोणी भरीस घातलेले नाही; उलट सगळ्यांनी नको म्हटले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

जमीन कुळाची आहे. माझी नाही, म्हणून मी ती देऊ शकत नाही.

घराच्या मागच्या दोन खोल्या मी माझ्या पगारातून बांधल्या. त्या बाबांनी हयातभर वापराव्यात, त्यांच्यानंतर हानिसीने. पत्र्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात गळते. कारण खिळा नसून पन्हळ आहे, हे मी बाबांना सांगितले आहे. ते खिळाच बदलत राहतील.

बँकेतली शिल्लक हानिसीला. शिशाचा एप्रन सरकारी आहे, तो दवाखान्यात परत करावा.

माझी हत्यारांची पेटी चुलतभाऊ सकिमी याला. त्यात विजेचा दाब मोजायचे मीटर नाही. ते कौरासी काकांनी एका दिवसासाठी नेले, त्याला तीन वर्षे झाली. त्या मीटरचे रिकामे पाकीट मी कौरासी काकांना ठेवत आहे.

सुव्याच्या एलिकीने मागच्या वर्षी मला मागणी घातली होती. आता तो फोन उचलत नाही. त्याला काही द्यायचे नाही. त्याच्यावर रागवायचे ठरवले होते, पण दम लागतो.

आता चटईबद्दल. ही बाब मालमत्तेतली सर्वांत मोठी आहे.

आत्या आणि शेजारच्या बायका गेल्या वर्षापासून हानिसीसाठी पांढरी चटई विणत आहेत. नवरा-नवरी तिच्यावर बसतात. आमच्याकडे माणसाला पुरतानाही अशीच चटई देतात. मी सुव्याहून परतल्यावर चटई वाढू लागली. परवा मी विणकामाच्या छपराबाहेर उभी होते. आत शेजारची मकेरेता म्हणत होती, "सारोते, पुरे की गं आता. हानिसी काय तिच्यावर लोळणार आहे?"

"तू वीण गप."

"अगं पण दोघांना बसायला एवढी लांब..."

"मकेरेता, तोंड मिटायचं काय घेशील?"

हात कोणाचेच थांबले नाहीत. आडवा माणूस किती जागा घेतो हे पाहणे माझे रोजचे काम आहे. मी आत गेले नाही.

तरी लिहून ठेवते: ती चटई हानिसीची आहे. लग्नात ती तिच्यावरच बसेल. जास्तीचा भाग खाली दुमडून घ्यावा. पाहुण्यांनी विचारले तर उत्तर मकेरेताने द्यावे, तिला ते आवडेल. मला माझी रोजची झोपायची चटई द्यावी. ती मऊ झाली आहे.

काठीबद्दल. सुव्याच्या कोर्टात हे कोणी वाचले तर कळावे म्हणून लिहिते. आमच्या लग्नात नवरीकडची एक वयस्क बाई काठी घेऊन दिवसभर सगळ्यांवर हुकूम चालवते. ती सांगेल त्याने नाचायचे, उन्हात उभे राहायचे, नाही तर डुकरांशी बोलायचे. गावप्रमुखालाही नाही म्हणता येत नाही. कोणी रागवायचे नसते. आमच्या भागात हे काम सारोते आत्याचे. मी लहान होते तेव्हापासून दुसऱ्या कोणाला ते करताना मी पाहिलेले नाही.

आमची आई हानिसीच्या जन्माच्या वेळी गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले आणि मी जेवणे सोडले. मग एका सकाळी आत्या डोक्यावर बाबांची लुंगी बांधून, बगलेत तान्ही हानिसी घेऊन आली आणि पातेल्यातल्या अळकुड्यांना घरातल्या एकेकाच्या नावाने हाक मारून हजेरी घेऊ लागली. "कौरासी? गैरहजर, नेहमीप्रमाणे." त्या दिवशी मी जेवले. मी फारशी हसत नाही, म्हणून आत्याला वाटते की तिच्या चेष्टा मला आवडत नाहीत. हे चूक आहे, याची नोंद व्हावी.

नंतर एका वर्षी आतोबा खडकांच्या पलीकडे मासेमारीला गेले आणि त्यांची होडी तेवढी परत आली. त्याच महिन्यात गावात लग्न होते. आत्या येणार नाही असे सगळे धरून चालले होते. ती काठी घेऊन आली.

"ए पोलीस! इकडेतिकडे काय बघतोस, तूच. ढेरी आत घे आणि नाच. येत नाही? मग त्या डुकराला वारा घाल. आणि जपून हां, ते तुझ्यापेक्षा वरच्या हुद्द्याचं आहे."

परतताना मी तिला विचारले, "आत्या, तुला रडू नाही आलं?"

"आलं ना. पोलिसाचं तोंड बघून डोळ्यातनं पाणी आलं." थोडे चालल्यावर म्हणाली, "तुझे आतोबा नेहमी मागच्या रांगेत बसून हसायचे. आज रांग तर होती ना? मग रांगेसाठी केलं."

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले. ती नारळ खवत होती.

"आत्या, काठी खाली काढ."

"तिला वाळवी लागलीय."

"दाखव."

"का? यंत्रात घालून बघणार?"

"हो."

ती हसली नाही. "तेव्हाचं वेगळं होतं, पोरी. त्यांना समुद्राने नेलं, एकदाच काय ते. तुझा श्वास मी रोज सकाळी दाराआडून ऐकते. तू समोर बसलेली असताना माझ्याच्याने माकडचाळे व्हायचे नाहीत."

"आणि मी नसताना होतील?"

खोबरे संपले, करवंटीचा आवाज येऊ लागला, तरी ती खवत राहिली.

आमच्या घरात कोणी गेले की वर्षाने थडग्यावर दगड उभा राहीपर्यंत लग्न करत नाहीत. म्हणजे आता थांबले तर हानिसीचे लग्न मी पाहणार नाही, आणि तिला आधी माझ्या मरणाची वाट पाहावी लागेल व नंतर वर्षभर त्याचे सुतक पाळावे लागेल. नवरा मुलगा इनोके चांगला आहे, पण इतका नाही.

मी बरी होईन अशी आशा मी धरलेली नाही. छायाचित्र मी पाहिले आहे. मला जुलैतली ती दुपार हवी आहे. त्यात आत्याने इनोकेच्या सगळ्या मामांना उन्हात उभे करावे. मला सूट देऊ नये. माझ्याकडे बघून आवाज खाली आणू नये. मी खुर्चीत असेन. नाच म्हटले तर हाताने नाचेन. तिला मध्येच रडू आले तर पोलिसावर ढकलावे. तो अजून इथेच आहे, ढेरीही आहे.

काठी आत्याचीच आहे, म्हणून ती मी कोणाला देऊ शकत नाही. फक्त मागू शकते.

या मृत्युपत्राची व्यवस्था दवाखान्याच्या वरिष्ठ परिचारिका व्हामोए कोन्रोते यांनी पाहावी. ज्यांना यातून काही मिळते त्यांची साक्ष चालत नाही, म्हणून साक्षीदार बाहेरचे घेतले आहेत. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दुसरे साक्षीदार सही करताना चष्मा पुसत होते. सही त्यांचीच आहे.

सही: रेजिएली मारसेउ
साक्षीदार १: तोरिके फातियाकी, शाळाशिक्षिका
साक्षीदार २: इराव्हा तिगारेआ, पाद्री
स्थळ: ओइनाफा, रोटुमा. मंगळवार, ३ जून २०२५

सारोते आत्यास प्रत. इनोकेच्या माणसांना बोटीत जागा धरायची तर सोमवारी, १६ जूनला, सुव्याला निरोप गेला पाहिजे. तू काठी घेणार की नाही, एवढेच शनिवार, १४ जूनपर्यंत मला कळव.