तुळसाची मूळ कॅसेट

शनिवार, ६ फेब्रुवारी १९८८. सकाळी साडेनऊ.
व्हिडिओच्या दुकानात व्हीसीआरचं हेड स्पिरिटने पुसत होतो, तेवढ्यात अलोऱ्याच्या सावित्रीआत्या आल्या. बहिणीसाठी ज्याचं स्थळ आलंय त्या मुंबईच्या सोनूच्या आत्या. त्यांना आमची तुळसा पसंत आहे! मुंबईकर मुलांना रजा मिळत नाही, म्हणून हल्ली मुलगी कॅसेटमध्ये दाखवायची. बहिणीचं शूटिंग मीच केलं. चालवली, बसवली, भाकरी थापायला लावली.

आत्या म्हणाल्या, "काय गो बाय तुमची पोर! लोण्यासारखी नितळ!"

मी गार. तुळसाच्या दोन्ही गालांवर देवीचे व्रण आहेत. मूळ कॅसेटमध्ये एकूण एक दिसतात. पण आत्यांना दिली होती ती कॉपी, आणि त्यांनी मुंबईला धाडली ती कॉपीची कॉपी. दर वेळी चित्र थोडं पुसट होतं. त्यातच व्रण गेले!

पुढचं ऐकून तर बसलोच. सोनूच्या स्टुडिओत विलायतेहून डिजिटल मशीन आलंय. चित्राचे आकडे करून टेपवर उतरवतं म्हणे. शंभरावी कॉपी पहिलीसारखीच. "मशीन आमचा सोनूच चालवतो हो. मूळ कॅसेट धाडा, चढवून ठेवील. नातवंडं बघतील!"

नातवंडांचं राहू दे — सोनूनेच मूळ बघितली म्हणजे?

रविवार, ७ फेब्रुवारी
मालकांना, गुणाजीशेठना, विचारलं. "मेल्या, त्यात काय! दहा वेळा कॉपी मारू. तुळसा अप्सरा होईल. अकराव्याला नाकपण जाईल, तेवढं सांभाळ." स्वतःच खो खो हसले. म्हणे, डिजिटल चहाडखोर आहे. आपली व्हीएचएस घरंदाज — चार घरी फिरली की लोकांचं झाकून घेते.

सोमवार, ८ फेब्रुवारी
मूळ दिली तर लग्न मोडणार. कॉपी दिली तर फसवणूक. आणि लग्नानंतर काय? नवऱ्याला बायको जन्मभर टीव्हीवरच दाखवायची? आई म्हणते, "कॉपी दे नि गप बस." जेवण जात नाही.

मंगळवार, ९ फेब्रुवारी
कपाटात मूळ कॅसेट नाही! वरचा कप्पा, खालचा कप्पा, शेठच्या चपलांखाली — सगळं पालथं घातलं. शेठ शांतपणे म्हणाले, "सकाळी तुळसा घेऊन गेली."

धावत घरी. ती तांदूळ निवडत बसलेली.
"अलोऱ्याच्या एसटीत दिली, कंडक्टरच्या हातात."
"अगं, पण—"
"दादा, त्यांच्या घरात मी जाणार आहे की तुझी कॉपी?"
आईने सूप आपटलं.

शुक्रवार, ४ मार्च
मुंबईहून काही नाही. आत्यांकडूनही नाही. आई माझ्याशी बोलत नाही, जसा काही देवीचा रोग मीच आणला! तुळसा मात्र दोन वेळा पोटभर जेवते.

रविवार, २० मार्च
सोनू स्वतः आला. आत्या बरोबर. पोह्यांची बशी तशीच हातात धरून तुळसाकडे सरळ बघत राहिला. मग म्हणाला, "कॅसेट बघितली. सगळी बघितली. मशीनवर चढवली नाही. ते काचेच्या खोलीत असतं. मी त्या खोलीच्या दाराशी रखवालदार आहे." आत्यांनी पदर तोंडाला लावला. आई माझ्याकडे बघायला लागली.

तुळसा म्हणाली, "पोहे खावा. गार होतायत."