जय भीम, येतानाचा की जातानाचा?

लिन,

चितेगावच्या आमच्या कारखान्यात मशीन बसवून तू तुमच्या नवीन वर्षाला चीनला गेलास, अन् मागून रोग आला. मग सीमेवर तुमच्या फौजेशी झटापटीत आमचे जवान मेले. "चिनी माल हटाव" म्हणून गेटवर मीबी लई ओरडले, अन् लगेच तुझ्याच मशीनवर ड्युटीला बसले. तुझ्या आईला तो रोग झाल्याचं तू कळवलेलं; ती त्यातून उठली का, हे आता विचारू तरी कुणाला?

आपण बोलायचो ते चिनी ॲप सरकारनं बंद केलं, त्याच दिवशी तुझा मेसेज आला, "जय भीम". मीच शिकवलेलं. येतानाबी हेच म्हणतात, जातानाबी हेच, हेबी मीच सांगितलेलं. मग तुझा हा कोणता?

हे पत्र मी धाडणार नाय. पण शेवटी काय लिहावं, तेबी कळंना.

जय भीम.
रूपा